मऊ पेन्सिल

सिर्क्का हाउताला येणार म्हणून
आम्ही सकाळपासून खोली गप्प करत होतो.
फ्रिजची वायर काढली. जुन्या बुटांतला नमदा कापून
खुर्च्यांच्या पायांना बांधला.
घड्याळ कपाटात, कपाटावर कोट.
तरी छतातली ट्यूब गुणगुणत राहिली.
सात वर्षांत मला ती एकदाही ऐकू आली नव्हती.

बाहेर औलूत एप्रिल लागलेला.
बर्फ असतो तोवर मी बरी असते, तिनं पत्रात लिहिलं होतं,
बर्फ आवाज पिऊन टाकतो.
फक्त पहाटे चारला नांगराचं पातं रस्ता खरवडत येतं,
तेव्हा ती थंड सौनात जाऊन बसते,
दार लावून, डोक्याभोवती उशा.
मग वितळायला लागतं,
आणि हिवाळाभर टाकलेली खडी उघडी पडते
येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक बुटाखाली.
वसंत म्हणजे खडी. हे तिचंच वाक्य.

एकोणीस वर्षं कागदगिरणीत. कानाला काही झालं नाही.
मग एका मंगळवारी भोंग्याची चाचणी,
आणि ती नेमकी खाली उभी.

ऐकू छान येतं, डॉक्टर म्हणाले, आलेख सरळ आहे.
दुसरे म्हणाले, मनाचं असेल.
तिसऱ्यांनी कानावर हात ठेवले,
म्हणजे म्हणीतले.
तिचे खरोखरच तिथे असतात.

आवाज मोठा वाटतो असं नाही. आवाज भाजतो.
चमचा बशीला लागतो
आणि जबड्यापासून मानेपर्यंत तापलेलं तेल उतरतं,
दोन दिवस उतरत राहतं.
कानात तेल घालून ऐकावं असं लहानपणी आम्हाला सांगत,
तिला ते न सांगताच जमलं.

आमच्याकडे एक अंदाज आहे.
शंखाच्या आत दोन जातींचे तंतू,
बहुतेक सगळे ऐकण्याच्या कामाचे.
थोडे उरतात, बारीक, सुस्त, एरवी काहीच न बोलणारे.
वेदना बहुधा ते सांगत असावेत.
बहुधा. या शब्दावर आम्ही दोनदा अनुदान मागितलं,
एकदा मिळालं.

माझ्याकडे उंदीर.
दोन तास गोंगाट द्यायचा, मग चेहरे वाचायचे:
डोळे किती मिटले, गाल किती फुगले,
कान किती मागे पडले. शून्य, एक, दोन.
दोन लिहिताना हल्ली हात अडतो,
हे कुठल्याच रकान्यात बसत नाही.

ती आली. लोकरी मोजे, बूट हातात.
बर्चच्या लाकडाचा पेला स्वतःचा आणलेला,
आणि सहा-बी पेन्सिल,
कारण बॉलपेन ओरखडतं.
टाचणी पडली असती तर ऐकू आली असती;
ओउतीनं अंगावरच्या सगळ्या टाचण्या
आधीच काढून ठेवल्या होत्या.

संमतीपत्र चार पानांचं. पानं मी उलटली,
कोपऱ्याला धरून, झोपलेल्या बाळाची दुलई सरकवावी तशी.
मृत्यूनंतर दोन्ही कानांमागचं हाड,
शक्य तितक्या लवकर, संशोधनासाठी.
ती ओळ तिनं बोटानं वाचली.
मग समासात लिहिलं:
डावा जास्त दुखतो. सुरुवात डाव्यापासून करा.

मी मान हलवली.
थोड्या वेळानं पुन्हा पेन्सिल:
हाड कशानं कापता?

खोटं बोलायला आवाजाचीही गरज नव्हती.
लिहिलं, करवतीनं. विजेच्या.

ती त्या शब्दाकडे बघत राहिली.
मग हसली असावी; खांदे हलले, बाकी काही नाही.
चालेल, तिनं लिहिलं.
आणि खाली, जरा लहान अक्षरात: तेव्हा चालेल.

उपचार कधी, असं तिनं विचारलंच नाही.
मी उत्तर तयार ठेवलं होतं, अर्ध्या पानाचं.

ती गेल्यावर फ्रिज लावला. तो दचकून सुरू झाला
आणि मीही.
पेन्सिल टेबलावर राहिली होती.
दुसऱ्या दिवशी सतरा नंबरच्या उंदरापुढे
मी तीच वापरली.
त्याचे कान पाऊण मागे. एक, की दोन?
बराच वेळ काहीच लिहिलं नाही.
पिंजऱ्याचं झाकण
पूर्वी मी सोडून द्यायचो.