जाळीतली तुसं

पोराने पुण्याहून पाठवला,
जिन्याखालच्या बोळात उभा केला,
माझ्याएवढा उंच, माझ्याहून जाड.
गीझर नव्हे म्हणे, हीट पंप.
"बापू, हा वीज जाळून पाणी तापवत नाही.
हवेतली ऊब ओढतो आणि पाण्यात ठेवतो."
मी म्हटलं, मग बरोबर गावात आणलास.
सोलापुरात दुसरं काय फुकट मिळतं?

पन्नासवर आकडा. हिरव्या पानाचं बटण.
दाबलं की तीन मिनिटं गप्प,
मग पोटात घरघर, मग पंखा,
मग मागच्या तोंडातून गार वारा.
घाई त्याच्याकडे चालत नाही.
नळाला पाणी चौथ्या दिवशी, पहाटे अडीचला,
ते तापून हातात येईस्तोवर सहा.
तेवढ्या वेळात माझ्या मागावर
डझनभर टॉवेल उतरायचे.
नरसम्मा त्याला 'मेल्लगा' म्हणायला लागली.
आमच्या तेलुगूत, हळूहळू.

मार्चात बिघडला.
पाणी कोमट. पडद्यावर एक अक्षर, दोन आकडे.
"विजेवर लावा की," ती म्हणाली. लावला.
बिल आलं ते दोन दिवस
सदऱ्याच्या खिशात लपवून फिरलो.
कंपनीचा माणूस म्हणाला, सोमवारी येतो.
कुठल्या, ते सांगितलं नाही.

मग खुर्ची ओढली, कान लावला.
एकतीस वर्षं जॉबर होतो, साखर पेठेत.
चोवीस मागांच्या खडखडाटात
एकाची वादी सैल झाली
तर पाठमोरा असतानाही कळायचं.
ह्याचा कॉम्प्रेसर ठीक होता, थरथर एकसारखी.
पंखा मात्र ओढत होता आणि
मिळत नव्हतं त्याला.
जिना चढल्यावर माझं होतं, तसं.

चार स्क्रू. झाकण. जाळी.
जाळी दिसलीच नाही.
तिच्यावर पांढरं, मऊ, जाड काहीतरी,
ना ताणा ना बाणा, तरी कापडच.
शेजारच्या गुर्रमच्या कारखान्यातली तुसं
दिवसरात्र बोळात उतरतात,
आम्हाला ती आता दिसत नाहीत.
नखाने कोपरा उचलला
तर अख्खा थर टॉवेलासारखा हातात आला.
मध्ये एक गुलाबी धागासुद्धा.
उजेडाकडे धरून बघितला.
सिव्हिलच्या डॉक्टरीणबाईंनी गेल्या साली
माझा फोटो असाच धरला होता,
खिडकीकडे, जरा वेळ काही न बोलता.

जाळी उलट्या बाजूने धुतली,
दात घासायच्या जुन्या ब्रशने, हलक्या हाताने.
सावलीत वाळवली, बसवली.
तीन मिनिटं.
मग त्याने असा श्वास घेतला
की स्क्रू हातातच राहिले माझ्या.
नरसम्मा आतून ओरडली, झालं का?
त्याचं झालं, म्हटलं.

आता मे. पारा त्रेचाळीस.
गरम पाणी कोणाला हवंय?
नळीतून थेंबही पडत नाही,
हवेत ओल आहे कुठे गोळा व्हायला.
तरी जेवणं झाली की ती बटण दाबते,
विड्यांचं सूप, कात्री, दोरा घेऊन
मागच्या तोंडासमोर बसते, पदर सैल करून.
पाणी तापलं की मशीन थांबतं,
मशीन थांबलं की वारा थांबतो,
म्हणून आधीचं गरम पाणी सकाळीच संपवते:
तेलकट भांडी, चादरी,
बोटांतला तंबाखू.
असला उलटा हिशोब
कंपनीच्या पुस्तकात नाही.

पुस्तक मी तिला काढून दाखवलं.
पान अकरा. वाऱ्याच्या तोंडापुढे
दोन फूट जागा मोकळी सोडावी,
आडवं काही ठेवू नये.
"मी काय कपाट आहे?"
म्हणाली, आणि सरकली.
मशीनला नव्हे, मला जागा करून दिली.
आज अजून सहाशे व्हायच्या होत्या.
मी कात्री घेतली, पानं कापायला बसलो.