रिकाम्याचं वजन

रावेरच्या वजनकाट्यावर मे महिन्यात
रात्री अकराला पत्रा अजून तापलेलाच.
गाड्या बाराशिवाय येत नाहीत,
तोवर भाची मला फोनवरून पायथन शिकवते.
जळगावच्या हॉस्टेलातून क्षितिजा सांगते, मी टाइप करतो:
फॉर, गाडी, इन, गाड्या, कोलन.
"एंटर मार, मामा."

मारलं.
खाली तीन ठिपके उगवले,
कोणी बोलता बोलता थांबावं तसे.
मी लगेच प्रिंट लिहिलं, डाव्या कडेला चिकटवून,
तेवीस वर्षं पावतीपुस्तकात लिहितो तसं,
कागद वाया जाऊ नये.
एरर.

"आत घे. चार स्पेस."
आता फोनवर रिकामं कसं ऐकू यायचं?
ती म्हणाली, "टक, टक, टक, टक."
मधल्या एका टकावर ट्रकचा हॉर्न वाजला,
माझे तीनच झाले.
तीनही चालले त्याला.
पुढची ओळ मात्र मी इमानदारीत चारवर घेतली
तर पुन्हा एरर.
लावणीत सहा इंच चुकलं
तर दोरी धरणारा लोटू भोळे शिवी हासडतो,
पण केळ उगवते तरी.

मग सवय आडवी आली:
दोन नोंदींमध्ये मी एक ओळ कोरी सोडतो.
इथेही सोडली.
लूप तिथेच मिटला,
माझी उरलेली ओळ चार स्पेस आत उभी
आणि घरच नाही.

रिकाम्या गाडीचं वजन आधी लिहा,
असं नव्या पोरांना मीच दटावतो.

चौथ्यांदा सगळं नीट बसलं.
तीन ठिपके आले.
मी हात मांडीवर ठेवले;
वाटलं, मशीन हिशेब करतंय.
ठिपकेही बसून राहिले.
बराच वेळ आम्ही एकमेकांचा मान राखला.
फोनमध्ये हॉस्टेलचा पंखा घरघरत होता.

"मामा, काय करून राह्यला?"
"वाट पाहून राह्यलो."
"तेही तुझीच पाहून राह्यलं. रिकामं एंटर मार."

धडाधड पडली सगळी वजनं,
सोळा हजार दोनशे चाळीसपासून खाली.
मी हो म्हणेपर्यंत ती झोपायला गेली.

बाराला रुबाब तडवीची गाडी काट्यावर चढली.
पावती लिहिली:
गाडीचा नंबर कडेला,
वजन चार बोटं आत.
रुबाबने कागद उलटा करून पाहिला,
मागे काही लिहिलंय का.