कुशीला सिमेंट

एकोणीस मीटर, चौतीस टन, बांधणी अडुसष्ट सालची.
हार्लिंगनच्या गोदीत तिला पाण्याबाहेर उचललं
तेव्हा क्रेनवाला म्हणाला,
एवढं ओझं शेवटचं कधी उचललं आठवत नाही.
पोटाला शिंपले, आणि शिडांच्या पिशव्यांना
ओल्या कुत्र्याचा वास.

तपासनीस बाऊके एक कान पोलादाला लावून
वीत वीत सरकत हातोडी मारत गेला.
मडकं वाजवून घ्यावं तसं.
टण. टण. टण.
दोन तास सगळं खणखणीत.
मग स्वयंपाकाच्या ओट्याखाली, डाव्या कुशीला,
थप.

कुणी काही बोललं नाही.
रिंडर्ट, तिचा मालक, वय एक्क्याऐंशी,
बाहेर बगळा बघत राहिला.
तिथे बगळा नव्हता.

पत्रा सहा मिलिमीटरचा असायला हवा, उरला होता दीड.
आतून सिमेंट थापलेलं, वर रंग,
रंगावर पुन्हा रंग,
जसं एखाद्या घरात ठरून गेलेलं असतं
की या विषयावर बोलायचं नाही.
'कधी केलंत हे?'
'हिल्त्ये आजारी होती त्या हिवाळ्यात.'
बाऊकेने लिहून घेतलं: कुशीला सिमेंट.
कारणासाठी त्याच्या कागदावर रकाना नव्हता.

मी किंमत खाली मागितली.
रिंडर्टने त्याच्याही खालची सांगितली.
अशा माणसाशी व्यवहार करणं फार अवघड.

घर पाहावं बांधून म्हणतात.
मी बांधलेलं घर लेउवार्डनला विकून ही घेतली,
एकसष्टाव्या वर्षी, एक खुबा नवा, एक जुना.
बहिणीने विचारलं, कितीला पडली?
म्हटलं, अजून पडतेच आहे.

नवा पत्रा जोडायला अकरा दिवस.
आतलं लाकूड, वायरी, सगळं उतरवून
वेल्डरच्या पलीकडच्या बाजूला बादली घेऊन बसायचं
आणि ठिणगी कुठे पळते ते बघायचं.
ते काम माझं. दोनदा पळाली.
जस्ताचे ठोकळे सोळा,
तिच्याऐवजी स्वतः विरघळायला ठेवलेले,
दर वर्षी नवे भरती करायचे.
बंदराचं भाडं लांबीवर, वयाची सवलत नाही.
मोठं शीड एकटीला उचलत नाही,
म्हणून पुतण्या वोब्बे, आणि वोब्बेची भूक.
आणि गंज.
त्याला रविवार नाही.
स्क्रूच्या मानेत, साखळीच्या पेटीत,
जिथे माझा हात पोचत नाही तिथे त्याचं बिऱ्हाड.

मे महिन्यात पहिल्यांदा टेरशेलिंगकडे निघालो.
वारा कसाबसा तीनचा.
पांढऱ्या प्लास्टिकच्या बोटी
शाळा सुटल्यासारख्या पुढे पळाल्या.
ही जागची हलेना.
वोब्बे म्हणाला, इंजिन लावू?
थांब म्हटलं. का म्हटलं मलाही माहीत नव्हतं.

वाळूच्या दांड्यापलीकडे वारा सहावर गेला.
पांढऱ्या बोटी शिडं गुंडाळून माघारी वळल्या,
आणि चौतीस टनांनी
पाण्यावर हळूच एक खांदा टेकवला.
एवढंच.
कपातली कॉफी कपातच राहिली.
सुकाणूच्या चाकावर मी एकच बोट ठेवलं होतं,
तेही सवयीने.

शनिवारी धक्क्यावर रिंडर्ट.
हातात त्याची गंज काढायची हातोडी,
टोक झिजून निम्मं झालेलं.
विचारत नाही. चढतो,
साखळीच्या पेटीत कमरेपर्यंत शिरतो.
एकदा मी म्हटलं, रिंडर्ट, तुम्ही ही विकलीत ना?
आतून आवाज आला,
नाव विकली. गंज विकायचा राहिला.

दुपारी कॉफी घ्यायला तो ओट्यापाशी येतो,
उभ्यानेच पितो, खाली बघत नाही.
तिथलं
तो गेल्यावर
मीच वाजवून बघते.