रिकाम्या गाडीचं वजन

दोंडाईचा, मार्केटाबाहेर, वजनकाट्याची केबिन.
रात्रपाळीला मी.
मिरचीचा हंगाम, म्हणून कॉम्प्युटरसुद्धा शिंकतो;
झाकण काढलं की पंख्यात लाल भुकटी.
अकरा वर्षांचा हा डबा मेल्यातच जमा होता,
लिनक्स टाकलं आणि उठून बसला.

दोन ट्रकांच्या मधल्या वेळात
मी अनोळखी माणसांना उत्तरं लिहितो.
कुणाचा आवाज गेलाय, कुणाचा प्रिंटर रुसलाय,
कुणी नुसतंच विचारतं :
काळा पडदा आलाय, मी काय बिघडवलं?

आज कापडण्याच्या हिरकणबाई.
बचतगटाचा हिशेब, मुलाने टाकून दिलेला लॅपटॉप,
साडेबारा होऊन गेले तरी जाग्या.
"भाऊ, पासवर्ड टाकस, पन काहीच दिसत नही."
दिसणार नाही, मी लिहितो.
ठिपका नाही, चांदणी नाही.
तरी बोटं थांबवू नका, ते ऐकतंय.
झालं की एन्टर.

मग बराच वेळ काही नाही.

मला हे सांगितलं होतं मुश्ताकचाचांनी,
भुसावळच्या लोको शेडमधले निवृत्त फिटर.
आजवर तोंड पाहिलेलं नाही त्यांचं.
माझा पहिला प्रश्न वाचून म्हणाले,
मशीन शिव्या देत नाहीये बेटा,
पत्ता सांगतंय. तिसरी ओळ वाच.
वाचली. खरंच पत्ता होता.

आणि एकदा मी,
बाहेर हॉर्न वाजतोय म्हणून घाईत,
शिरपूरच्या एका फोटोग्राफरला आज्ञा पाठवली,
एक अक्षर चुकलेली.
चार लग्नं पुसली गेली.
"असू दे दादा," एवढंच आलं त्याचं.
ते कुठल्या काट्यावर चढवू?
तेव्हापासून प्रत्येक आज्ञा आधी या डब्यावर चालवतो,
बिघडला तर माझा बिघडेल.

काट्याचं गणित तसं पोरखेळ :
भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा, उरला तो माल.
"मी अडाणी", "हसू नका", "फालतू प्रश्न आहे, सॉरी",
ही सगळी रिकामी गाडी.
वजा करतो, उरेल त्याचं उत्तर देतो.
पावतीवर मात्र दोन्ही आकडे छापावे लागतात.

एक चाळीस. गुजरातची गाडी.
खाली उतरलो, मागची चाकं काट्यावर आहेत का पाहिली,
पावती फाडली, दोनदा शिंकलो.
परत आलो तर पडद्यावर हिरकणबाई :
"उघडनं. आते बेरीज कसी करतस?"

बेरीज.
हाताची भुकटी पँटीला पुसली,
खुर्ची पुढे ओढली,
आणि आधी माझ्याच डब्यावर
दोन अधिक दोन करून पाहिलं.