टाचण

बॉस्टन स्पा म्हटलं की मिरजेला सगळ्यांना वाटतं
मी अमेरिकेत असते, आणि गरम पाण्याच्या कुंडात.
हे यॉर्कशरमधलं गाव आहे. वेदरबीहून बस येते,
कधी येतही नाही.
गावाबाहेर कागदांचं कोठार आहे, तिथे मी
टाचण्या काढते.

सुंभ जळला म्हणतात. पीळ आमच्याकडे
सोळा अंश तापमानात जपून ठेवलाय.
टाचण्या गंजतात, कागद खातात,
म्हणून एकेक चपट्या सळईनं उचलायची,
खालचं पान न दुखवता,
आणि मुरंब्याच्या बरणीत टाकायची.
बरणी हेझलची. चिठ्ठी अजून तशीच: आलुबुखार, २०१९.
आखातातल्या टाचण्या लगेच ओळखू येतात.
चिमटीत धरल्या की विटेची पूड होते.

आज मनामा. कापड नियंत्रण, खंड दोन,
एकोणीसशे त्रेचाळीस.
सुरुवातीला बर्फ: कोणत्या बंगल्याला किती शेर.
मग तांदूळ. मग खिडकीला काळा कागद लावला नाही
म्हणून एका न्हाव्याला पाच रुपये दंड,
आणि न्हाव्याचं म्हणणं, की खिडकीच नाही.
मग पान तेहतीस.
मरियम बिन्त सालेह. नवरा फरज,
मोत्यांसाठी बुड्या मारायचा, वारला.
कफनाला सात वार मिळावेत. अंगठा.
खाली साहेबाची जांभळी शाई:
मयताची उंची कळवावी.
पुढच्या कागदावर उंची.
त्यापुढच्यावर: सहा वार पुरेत. मंजूर.
पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत चार दिवस.
महिना ऑगस्ट.

टाचणी निघाली, पान उलटलं.
मागे शिसपेन्सिल.
आमच्या यादीत नोंद आहे: अनोळखी खुणा,
बहुधा रेघोट्या.

मोडी आहे हो ती.

पुण्याला सहा आठवड्यांचा वर्ग केला होता मी,
नोकरी लागेल म्हणून. लागली नाही.
एवढंच हातात राहिलं, की आधी कागदभर रेघ ओढायची,
दोन खुंट्यांना दोरी बांधावी तशी,
आणि मग अक्षरं तिच्यावर वाळत घालायची,
न पिळता.

व्ही. आर. खोपकर, दुय्यम कारकून.
इंग्रजी सही अशी की मोजपट्टी लावावी.
मोडी मात्र धावत लिहिलेली:

मंजुरीस थांबणे होईना. पहिल्या रात्रीच
कोऱ्या जोडीतील एक पान दिले. साहेबांस कळवू नये.
सुरमई चार आणे. बर्फ नाही.
बाईकडून रुपये दोन घेतले.
परत करावे.

परत करावे-खाली रेघ आहे. दोनदा ओढलेली.

पुसट जागा भिंगाखाली धरली,
'घेतले'च्या पुढे एखादा 'नाहीत' निघतो का बघायला.
नाही निघत.
आणि ते मंजूर सहा वार?
त्यांची पावती पान एकेचाळीसला आहे.
कापड पोचले. सही खोपकरांची.

मी चिडले त्याच्यावर. डबा उघडला,
थंड पोळी खाल्ली, तरी चिडलेलीच.
मग वाटलं, वर्षाला दोनच धोतरं मिळत असतील त्याला.
मग वाटलं, म्हणून काय झालं.
पुढचे दोन खंडही चाळले, वेळ नसताना.
त्याच्या बदलीचा हुकूम आहे, बुशहरला.
तिचं नाव पुन्हा कुठेच नाही.

नोंद तर दुरुस्त करायलाच हवी होती.
भाषा: मराठी. लिपी: मोडी.
आशय या चौकटीत चाळीस अक्षरं मावतात.
मी लिहिलं, खासगी हिशेब.

हेझल खांद्यावरून बघत होती.
दोन रुपये म्हणजे तेव्हा किती गं, तिनं विचारलं.
म्हटलं, बघून सांगते.

तिसरा आठवडा आहे. अजून बघितलं नाही.