एक्केचाळीस

रविवारी संध्याकाळी पाचला
ग्रिम्सबीचे रस्ते रिकामे व्हायचे.
गोदीत तर तसंही कुणी उरलं नव्हतं,
कॉडच्या बोटी गेल्या त्या गेल्याच
आणि बर्फाच्या कारखान्यात कबुतरं राहायला आली होती.
पण घराघरांत एखादं पोर
टेपच्या बटणावर बोट धरून बसलेलं असायचं,
निवेदकाचं तोंड मिटणं आणि गाण्याचं उघडणं
यांमधल्या फटीवर टपलेलं.
चाळिसापासून एकापर्यंत, उलटी उजळणी.

मी तेव्हा ऑग्डेनच्या रेकॉर्डच्या दुकानात होते.
वय एकोणीस, केसांवर अर्धा डबा स्प्रे,
खांद्यांत एवढा फोम
की दारातून जरा तिरकं व्हावं लागे.
काउंटरखाली ते यंत्र,
राखाडी, बिस्किटांच्या डब्याएवढं.
रेकॉर्ड विकली की तिचा नंबर त्यात दाबायचा.
रात्री ते फोनच्या तारेवरून
सगळं लंडनला सांगून टाकायचं, चहाडखोर.
आमच्या दुकानातली विक्री मोजली जाते हे गुपित होतं,
म्हणजे गावात सगळ्यांना ठाऊक.

कंपन्यांची माणसं यायची.
टाय पातळ, हसू जाड.
"एक विका, तीनदा दाबा," आणि काउंटरवर टी-शर्टांची चळत.
ऑग्डेनचा बाप गोदीवर मासळी तोलायचा.
तो म्हणायचा, "आमच्या काट्यावर अंगठा ठेवत नाहीत,"
आणि टी-शर्ट तेवढे ठेवून घ्यायचा.

अठ्ठ्याऐंशीच्या नोव्हेंबरात
क्लाइव्हच्या बँडची रेकॉर्ड आली.
क्लाइव्ह ड्रमवर. गायला लॉरेन,
जी फिश फिंगरच्या कारखान्यातून सुटून थेट स्टेजवर यायची,
बाह्यांना ब्रेडचा चुरा तसाच.
गाणं खाडीपलीकडच्या दिव्यांचं होतं.
फार थोर नव्हतं. कडव्यात एक जागा होती फक्त,
तिथे ड्रम अर्धी मात्रा उशिरा पडायचा
आणि पोटात पायरी चुकल्यासारखं व्हायचं.

गावाने घेतलं. क्लाइव्हच्या मावशीने सहा घेतल्या,
घरी रेकॉर्ड प्लेअर नसताना.
शनिवारी बंद व्हायच्या वेळी तो स्वतः आला,
स्वतःचीच रेकॉर्ड मागितली, खाली बघत, सुटी नाणी मोजत.
मी पिशवीत घालून दिली.
"आज रात्री काय करतेयस?"
मी काय बोलले, आठवत नाही.
तो वळणावर दिसेनासा होईस्तोवर काचेतून बघत राहिले,
हे आठवतं.
यंत्रात नंबर दाबल्याचं
आठवत नाही.

रविवारी चाळिसावं लागलं ते
एका विनोदी नटाने कुत्र्यासोबत गायलेलं.
मग एकोणचाळीस. मग अडतीस.
छापील यादी आली तेव्हा कळलं.
काठावर नापास.

देश केवढा, दुकानं किती,
एका नाण्याने काय होतं, हे मीही जाणते.
तरी छत्तीस वर्षं
हातांना ते एक बटण राहिल्यासारखं वाटतं.

त्या वेळची पहिल्या नंबरची गाणी
आता सुपरमार्केटात
गोठवलेल्या वाटाण्यांवरून वाहतात.
दाढदुखीत दवाखान्यात ऐकली,
बाबांच्या अंत्यविधीहून येताना टॅक्सीत ऐकली.
झिजून गुळगुळीत झालीयत, नळाच्या पाण्यासारखी.
एक्केचाळिसावं कुठेच लागत नाही.
म्हणून ते अजून खरखरीत आहे,
माझ्याकडे, पलंगाखाली, पिशवीसकट.

गेल्या मंगळवारी बॉयलर बंद पडला
आणि दुरुस्तीला आला क्लाइव्हच.
गुडघे कुरकुरणारे, चष्मा दोरीला.
स्वयंपाकघरात रेडिओ, ऐंशीच्या दशकातलंच काहीतरी,
आणि त्याचा पाना पाइपवर
अर्धी मात्रा उशिरा.

"क्लाइव्ह," मी म्हणाले, "त्या शनिवारी..."
"टॉर्च धर जरा," तो म्हणाला.
मी धरली. आत त्याचा हात, काजळी,
मग एक धप्प आवाज, निळी ज्योत.

"लागलं एकदाचं," तो म्हणाला.

मी चटकन रेडिओकडे बघितलं.
सोफासेटच्या सेलची जाहिरात चालू होती.