सहा चमचे

मुख्याध्यापिकांनी दिली पस्तीस मिनिटं.
त्यातली दहा पंखा दुरुस्त करणाऱ्यानं खाल्ली.
उरलेल्या वेळात मी पिशवी रिकामी केली :
स्टीलची ताटली, चहाचा चमचा, पाव किलो साखर,
आणि वीस रुपयांची ती काळी बाटली,
अंगावर अजून दुकानातल्या फ्रीजचा घाम.

मधुमेह म्हटलं की सहावी ब जांभया देते.
बाटली दिसली की माना ताठ.

एक चमचा.
ताटलीत पडताना साखर वाजते,
नऊ वर्षं हे काम करतेय, कधी ऐकलं नव्हतं.
दोन. तीन. मागच्या बाकावरून मोजणी सुरू झाली,
चारला अख्खा वर्ग, पाचला हशा,
सहाला तन्वीर म्हणाला, "बास ना बाई,
मुंग्या येतील."

मग तक्ता उघडला. हिरव्या चौकटीत
पाणी, ताक, लिंबूपाणी, कोकम, शहाळं.
शहाळ्यावर मी नेहमी अंगठा ठेवते.
मानखुर्दच्या या गल्ल्यांत
साठ रुपयांचं चित्र दाखवायला जीभ अडते.
"तहान लागली की काय प्यायचं?"
मी विचारलं, तक्त्याच्या खाली छापलंय तसंच,
आणि उत्तराची वाट बघत हसले, तेही छापल्यासारखंच.

करुणा सोनटक्के उभी राहिली.
"बाई, आमच्याकडे पाणी पहाटे साडेतीनला येतं.
पहिली बादली पिवळी. दुसरीला वास.
तिसरी भरेपर्यंत जातं.
ही बाटली कधी पिवळी येत नाही."

ती उद्धटपणे बोलली नाही.
गणिताचं उत्तर सांगावं तसं सांगून
खाली बसली, पट्टीनं बाक खरवडू लागली.

माहितीपत्रकाची चार पानं आहेत.
मी चारही उलटली.

मग म्हटलं, चला,
आणि सगळ्या वर्गाला घेऊन जिन्याखालच्या कूलरपाशी गेले.
तीन नळ. एकाला लाकडाची खुंटी ठोकलेली,
दुसरा सुतळीनं बांधलेला,
तिसरा उघडला तर आतून कुणीतरी खोकल्यासारखा आवाज.
दिवाळीपासून असाच आहे, मालनबाई म्हणाल्या,
शिपाईण आहेत त्या, घरून पाणी आणतात.

उरली होती बारा मिनिटं.
साखरेचा धडा तिथेच सोडला, अर्जाचा घेतला.
प्रति, विषय, महोदय.
महोदयचं शुद्धलेखन तिघांनी तीन प्रकारे केलं.
मजकूर मी सांगणार होते,
तेवढ्यात तन्वीरनं लिहूनही टाकला :
"आम्हाला बाटली सोडायची आहे.
पण आधी नळ पाहिजे."
मी त्यात फक्त एक अनुस्वार दिला.

सह्या एकेचाळीस. एक अंगठा, गंमत म्हणून.

ताटलीतली साखर मालनबाईंनी कागदात बांधली,
तिचाच चहा केला. मलाही दिला.
किती घालू विचारलं, मी दोन म्हटलं.
कवितेत खोटं कशाला, अडीच.

बाटली टेबलावर राहिली होती, झाकणही न उघडलेली.
परत आले तेव्हा नव्हती.
कुणी नेली ते मला दिसलं होतं,
हजेरीपुस्तकात ते लिहायला रकाना नाही.

वॉर्ड ऑफिसात दोनदा गेले.
पहिल्यांदा साहेब बैठकीत होते,
दुसऱ्यांदा अर्जच बैठकीत होता.
पाचव्या आठवड्यात प्लंबर आला, एक नळ झाला.
एकच. दोन अजून तसेच आहेत, त्यांच्यावर पुन्हा बोलेन.

आज गेले तर मधल्या सुट्टीची रांग होती.
करुणा मधे कुठेतरी,
हातात तीच काळी बाटली, आता काळी नसलेली,
लेबल नखानं अर्धं सोललेलं.
भरली, उजेडात धरून बघितली,
बराच वेळ बघितली.

"गार नाहीये," मला पाहून म्हणाली.
आणि प्यायली.